लस घेतली, पण अंगी लागली नाही: डायलिसिस युनिटमधल्या एका सिस्टरचं प्रकरण

पार्श्वभूमी

मध्य मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयात मी संसर्ग नियंत्रणाचं काम बघते. कर्मचाऱ्यांच्या लसींच्या नोंदी आणि सुई टोचल्याच्या घटना माझ्याकडे येतात. हे प्रकरण आमच्या डायलिसिस युनिटमधल्या एका स्टाफ नर्सचं आहे. त्यांची संमती घेऊन लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. युनिटमध्ये सगळे त्यांना ताई म्हणतात, इथेही तेच म्हणते.

ताई ४३ वर्षांच्या. राहायला डोंबिवलीला. उंची १५४ सेंटिमीटर, वजन ९२ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, ते सांगणारा आकडा) ३९ च्या जवळपास. आपल्याकडे २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे स्थूलता धरतात, त्या हिशेबानं त्या बऱ्याच पुढे होत्या. पण १९ वर्षं नर्सिंग केलेली बाई. फिस्टुलात, म्हणजे डायलिसिससाठी हातावर शस्त्रक्रियेनं रुंद केलेल्या शिरेत, सुई घालण्यात त्यांचा हात इतका हलका की काही पेशंट त्यांची ड्यूटी बघून वार बदलून घेतात.

आमच्याकडे रुजू होताना त्यांनी आधीच्या नर्सिंग होमचं लसीकरण कार्ड दिलं होतं. हिपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या यकृताच्या संसर्गाची लस, तीन डोस, तिन्ही तारखा व्यवस्थित. आम्ही त्याची झेरॉक्स काढून फाइलला लावली आणि 'पूर्ण' असा शिक्का मारला. या प्रकरणातली पहिली चूक तो शिक्का होता आणि ती आमच्या खात्याची होती.

हिपॅटायटिस बी ची लस देशाच्या नियमित लसीकरणात सगळीकडे पोचली ती २०११ मध्ये. त्यामुळे आज तिशी-चाळिशीत असलेल्या नर्स, टेक्निशियन, वॉर्डबॉय, मावशी या बहुतेकांनी ही लस मोठेपणी, नोकरीला लागल्यावर घेतलेली असते. लहान मुलांमध्ये ती फार चांगली लागू पडते. मोठ्या माणसांत मात्र तीन डोस पूर्ण होऊनही शंभरातल्या पाच ते दहा जणांच्या रक्तात पुरेशी प्रतिपिंडं (अँटीबॉडी) तयार होत नाहीत. चाळिशी ओलांडलेली असेल, वजन जास्त असेल, सिगारेट-बिडी असेल, मधुमेह किंवा किडनीचा आजार असेल, तर ही शक्यता आणखी वाढते. शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी रक्त तपासलं तर हे कळतं. अँटी-एचबीएस नावाची ती तपासणी, तिचा आकडा म्हणजे बोलीभाषेत टायटर. तो १० किंवा जास्त आला तर माणूस सुरक्षित. ताईंचा टायटर कोणी कधी तपासलाच नव्हता.

घटना

जुलै महिना, पावसाची रात्र. कुर्ला-सायनच्या मध्ये रुळांवर पाणी आलेलं, त्यामुळे ताईंच्या जागी येणारी सिस्टर पोचली नाही आणि ताईंनी संध्याकाळच्या ड्यूटीला जोडून रात्रही काढली. सकाळी पावणेसातला एका पेशंटचं डायलिसिस संपवताना फिस्टुलातून काढलेली सुई त्यांच्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी घुसली. १६ गेजची पोकळ सुई, रक्तानं भरलेली. ग्लोव्ह फाटून रक्त आलं.

पेशंट हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह होता. हे आधीपासून माहीत होतं, म्हणूनच तो वेगळ्या खोलीत, वेगळ्या मशीनवर होता. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी निगेटिव्ह. ताईंनी जखम साबण-पाण्यानं धुतली, पिळली नाही, आणि वीस मिनिटांत मला फोन केला. आवाज शांत होता. "मॅडम, माझे तिन्ही डोस झालेत, म्हणजे काळजी नाही ना?"

अशा टोचण्यातून एचआयव्हीची लागण होण्याचा धोका हजारात तीनच्या आसपास असतो. हिपॅटायटिस बी मध्ये, टोचलेल्या माणसाला संरक्षण नसेल, तर तो शंभरात ६ ते ३० इतका असू शकतो. सगळं त्या एका आकड्यावर येऊन थांबलं होतं. रक्त तातडीनं पाठवलं. साडेदहाला रिपोर्ट आला: अँटी-एचबीएस २ पेक्षा कमी. लॅबच्या भाषेत 'काहीच सापडलं नाही'.

समस्या नेमकी कोणती

पहिला प्रश्न होता पुढच्या काही तासांचा: या बाईला संसर्ग होऊ द्यायचा नाही. दुसरा त्याहून अवघड: तीन डोस घेऊनही लस का लागली नाही? कारण कळल्याशिवाय पुन्हा लस द्यायची म्हणजे तीच चूक नव्यानं करायची.

चार शक्यता डोळ्यांसमोर होत्या.

त्यांना आधीपासूनच हिपॅटायटिस बी असेल तर? जुना, लक्षणं नसलेला संसर्ग असला तरी अँटी-एचबीएस येत नाही, आणि डायलिसिस युनिटमध्ये ही शक्यता हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. एचबीएसएजी (विषाणूच्या आवरणाचा अंश, तोच लशीतही असतो) आणि अँटी-एचबीसी (आता किंवा पूर्वी लागण झाल्याची खूण) या दोन्ही तपासण्या लगेच केल्या, लस देण्याच्या आधी. हा क्रम महत्त्वाचा, कारण लस दिल्यावर काही दिवस एचबीएसएजी लशीमुळेच पॉझिटिव्ह दिसू शकतं. दोन्ही निगेटिव्ह आल्या. ताईंनी ते दोन रिपोर्ट हातात घेऊन किती तरी वेळ वाचले.

लसच खराब असेल तर? हिपॅटायटिस बी ची लस २ ते ८ अंशांत ठेवायची असते. उन्हापेक्षा गोठण्यानं तिचं जास्त नुकसान होतं, फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्याला चिकटलेली कुपी निकामी होते. पण आधीच्या ठिकाणी त्यांच्याबरोबरच डोस घेतलेल्या एका सिस्टरची नंतर दुसरीकडे तपासणी झाली होती आणि तिचा टायटर उत्तम होता. शक्यता पुसली गेली नाही, मागे पडली.

तिसरी शक्यता ताईंच्या एका वाक्यातून पुढे आली. मी विचारलं, इंजेक्शन कुठे घेतली होती? "कमरेत. दंडात घेतलं की दोन दिवस हात उचलत नाही. मग पेशंट कोण बघणार?" आपल्याकडे हे घरोघरी चालतं. इंजेक्शन म्हटलं की माणूस आपसूक पाठ वळवतो. पण कमरेखाली चरबीचा थर जाड असतो, नेहमीची सुई स्नायूपर्यंत पोचतच नाही. लस चरबीत पडून राहते. चरबीला रक्तपुरवठा कमी, आणि लशीतला घटक उचलून लसिकाग्रंथींपर्यंत नेणाऱ्या पेशीही तिथे कमी. अमेरिकेत १९८५ मध्येच सांगितलं गेलं की मोठ्या माणसांना ही लस दंडातच द्या, नितंबात नको. त्याच वर्षी रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात स्थूल माणसांमध्ये या लशीचा प्रतिसाद कमी दिसला होता. म्हणजे ही माहिती चाळीस वर्षं जुनी आहे.

आणि चौथी, स्थूलता स्वतः. हा केवळ सुईच्या लांबीचा मामला नाही. पोटाभोवतीची चरबी गप्प बसलेली नसते. ती सतत दाह निर्माण करणारी रसायनं रक्तात सोडत असते. मंद, न दिसणारा दाह, पण चोवीस तास. लेप्टिन हे संप्रेरकही चरबीतूनच येतं आणि रोगप्रतिकारक पेशींशी त्याचा थेट संबंध असतो. ते कायम जास्त राहिलं की पेशी त्याला दाद देईनाशा होतात. ज्या टी आणि बी पेशींनी लस ओळखून प्रतिपिंडं बनवायची आणि ती ओळख वर्षानुवर्षं लक्षात ठेवायची, त्या स्थूल शरीरात अकाली थकल्यासारख्या वागतात. फ्लूच्या लशीवर अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात झालेल्या कामात हे दिसलं: स्थूल लोकांत लशीनंतर महिन्याभरानं प्रतिपिंडं ठीक होती, पण वर्षभरात ती जास्त घसरली. त्याच गटाच्या २०१७ च्या अभ्यासात तर टायटर बरोबरीचा असूनही लस घेतलेल्या स्थूल लोकांना फ्लू किंवा फ्लूसारखा आजार होण्याचं प्रमाण दुप्पट होतं. कोविडच्या लशीबाबतही ब्रिटनमधल्या संशोधनात अतिस्थूल लोकांची प्रतिपिंडं लवकर ओसरताना दिसली, आणि बूस्टरनं ती पुन्हा वर आली.

हे ताईंना कसं सांगायचं, यात मी चुकले. त्याकडे पुढे येते.

कोणते पर्याय होते

साडेदहा ते दोनच्या दरम्यान माझ्या खोलीत तीनदा चर्चा झाली. ताई, मेट्रन मॅडम, एक वरिष्ठ फिजिशियन आणि मी.

तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, म्हणजे हिपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिन, लगेच द्यायचं याबद्दल दुमत नव्हतं. ते जितक्या लवकर तितकं चांगलं, शक्यतो २४ तासांच्या आत. मतभेद पुढचा होता.

मेट्रन मॅडमचं म्हणणं, एकच बूस्टर देऊ, महिन्याभरानं टायटर बघू, आला तर सुटलो. ऐकायला सुटसुटीत. प्रतिसाद न दिलेल्यांपैकी साधारण पाव ते निम्मे लोक एका जादा डोसनंच प्रतिसाद देतात, हेही खरं. पण त्यात एक खाच होती. इम्युनोग्लोब्युलिनमधली प्रतिपिंडं काही महिने रक्तात फिरत राहतात. महिन्याभरानं टायटर काढला असता तर तो चांगलाच आला असता, पण ती दुसऱ्याची, उसनी प्रतिपिंडं असती. आम्ही पुन्हा एकदा 'पूर्ण' असा शिक्का मारून मोकळे झालो असतो. म्हणून हा पर्याय सोडला.

पूर्ण तीन डोस पुन्हा: ०, १ आणि ६ महिने. टायटर आठव्या महिन्यात, उसनी प्रतिपिंडं संपल्यावर. वेळ जास्त, पण आकडा भरवशाचा.

दुप्पट मात्रा, ४० मायक्रोग्रॅम? ती आपण डायलिसिसच्या पेशंटना देतो. पहिल्यांदा प्रतिसाद न दिलेल्या निरोगी लोकांवर नेदरलँड्समध्ये झालेल्या एका चाचणीत जास्त मात्रेची लस नेहमीच्या लशीपेक्षा सरस ठरली होती. वेगळा सहायक घटक (लशीचा प्रतिसाद वाढवणारा) वापरलेली नवी लसही आहे, अमेरिकेत २०१७ पासून, आणि स्थूल व मधुमेही लोकांत तिचे निकाल चांगले आहेत. ती आमच्या साठ्यात नव्हती. दुप्पट मात्रेचा मोह मला झाला, हे मान्य करते. पण ताईंना पहिली लस कधी नीट स्नायूत मिळालीच नव्हती. त्यांना 'प्रतिसाद न देणारी' म्हणणंच घाईचं होतं. आधी नेहमीची मात्रा नीट देऊन बघू, असं ठरवलं. यावर दुसऱ्या डॉक्टरांचं मत वेगळं असू शकतं आणि ते चूक म्हणता येणार नाही.

आणि मग वरिष्ठ फिजिशियन म्हणाले: इम्युनोग्लोब्युलिन द्या, महिन्यानं आणखी एकदा द्या, आणि लशीची घाई करू नका. आधी दहा-पंधरा किलो वजन उतरवू द्या, मग लस लागेल.

हे मी इथे मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण हा सल्ला वाईट हेतूनं दिलेला नव्हता आणि वरवर शास्त्रीय वाटतो. चरबीमुळे प्रतिसाद कमी, तर चरबी कमी करून लस द्यावी. पण वजन उतरवायला वर्ष लागेल, दोन लागतील, कदाचित ते उतरणारही नाही. तेवढा काळ ही बाई रोज पॉझिटिव्ह पेशंटच्या रक्ताजवळ विनालशीची काम करणार. आणि थोड्या महिन्यांत थोडं वजन उतरवल्यानं या लशीचा प्रतिसाद किती सुधारेल, याचं कोणतंही वचन देता येत नाही. स्थूलतेमुळे लस कमी लागत असेल तर त्या माणसाला लशीची गरज जास्त असते, कमी नाही. मी नकार दिला. सरांनी ऐकून घेतलं, याबद्दल त्यांची ऋणी आहे.

काय केलं

इम्युनोग्लोब्युलिन आमच्या फार्मसीत नव्हतं. पावसात एक वॉर्डबॉय परळच्या औषधांच्या दुकानांमधून हिंडला आणि तिसऱ्या ठिकाणी ते मिळालं. सव्वातीनला ताईंना ते दिलं, किलोमागे ०.०६ मिलीच्या हिशेबानं, दोन मांड्यांत विभागून. इम्युनोग्लोब्युलिन वजन करून देतात. लस मात्र ५० किलोच्या मुलीला आणि ९२ किलोच्या बाईला तेवढीच, १ मिली.

त्याच वेळी लशीचा पहिला डोस, उजव्या दंडात. ट्रेमध्ये सिरिंज तयार होती, तिला नेहमीची एक इंची सुई. मी ती हातात घेतली आणि थांबले. बाईचं वजन ९० किलोच्या पुढे असेल तर दंडासाठी दीड इंची सुई घ्यावी असं मार्गदर्शक सूचना सांगतात, पुरुषांसाठी ही मर्यादा ११८ किलोची आहे. स्थूल किशोरवयीन मुलांवर २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत याच लशीसाठी एक इंची आणि दीड इंची सुया ताडून पाहिल्या होत्या, लांब सुईच्या गटात टायटर जास्त आले. आमच्या लसीकरण खोलीत दीड इंची सुई एकही नव्हती. ऑपरेशन थिएटरमधून २२ गेजची मागवली. पंधरा मिनिटं गेली. पुढे त्या पंधरा मिनिटांचा मला फार उपयोग झाला.

ती संध्याकाळ इथेच संपली असती तर बरं झालं असतं. पण निघताना ताईंनी विचारलं, "मॅडम, मलाच का लागली नाही?" मी थकले होते. सुई, कंबर, दाह, सगळं सोडून मी म्हणाले, "वजन आटोक्यात ठेवलं असतं तर ही वेळ आली नसती." ताई म्हणाल्या, "खाल्लेलं सगळं अंगी लागतं माझ्या, लस तेवढी नाही लागली," आणि गेल्या.

दुसऱ्या डोसच्या दिवशी त्या आल्या नाहीत. फोन केला तर "आज ड्यूटी आहे", "उद्या बघते". तीन आठवडे असेच गेले. शेवटी मी दुपारी युनिटमध्ये जाऊन त्यांच्या शेजारी बसले. कळलं ते असं: घरी त्यांनी घटना सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, डॉक्टरसुद्धा हेच सांगतात. नवरा काही बोलला नाही. आणि माझ्या खोलीत यायचं म्हणजे पुन्हा वजनकाट्यावर उभं राहायचं, असं त्यांना वाटत होतं. मी माफी मागितली. त्यांना सांगितलं की कमरेत दिलेलं इंजेक्शन ही देणाऱ्याची चूक, टायटर न तपासणं ही आमची, आणि वजनाचा वाटा असला तरी तो एकटा नाही. डोस त्यांच्या युनिटमध्येच, पडद्याआड दिला. तीन आठवड्यांच्या उशिरानं मालिका बिघडत नाही, पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही, हेही सांगितलं. त्यांना ते नर्स म्हणून माहीत होतं. पण कुणी तरी ते म्हणायला हवं होतं.

आहाराचं

आहारतज्ज्ञ मॅडमकडे ताई स्वतःहून गेल्या, दुसऱ्या डोसनंतर पंधरा दिवसांनी. मॅडमनी वजन केलं नाही. विचारलं, "काल उठल्यापासून काय काय पोटात गेलं?"

साडेचारला उठणं, घरच्यांचे डबे, स्वतःला चहा आणि दोन खारी. डोंबिवली स्टेशनवर गाडीच्या आधी वडापाव, कारण नंतर दुपारपर्यंत काही मिळेलच असं नाही. युनिटमध्ये दिवसाला पाच-सहा चहा, प्रत्येकात दीड चमचा साखर. जेवणाची सुट्टी पेशंटच्या मशीनच्या अलार्मवर अवलंबून. डब्यात भात, बटाट्याची नाहीतर फ्लॉवरची भाजी. वरण घरी उरलं तर. गुरुवारी उपास, म्हणजे साबुदाण्याची खिचडी आणि वेफर्स. रात्रपाळीला बिस्किटं. मासे आवडतात, पण रविवारी आणले तर मुलांच्या ताटात जातात.

रक्ताचे रिपोर्ट याला साजेसे होते. हिमोग्लोबिन ९.६ आणि ड जीवनसत्त्व ११, दोन्ही कमी, तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारं एचबीएवनसी ६.३, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. ९२ किलोची बाई कुपोषित होती. हे वाक्य मी आमच्या बैठकीत म्हटलं तेव्हा दोघातिघांनी मान वर केली. पण मुंबईत हे चित्र रोज दिसतं: ऊर्जा भरपूर, प्रथिनं, लोह, जस्त यांचा दुष्काळ. प्रतिपिंडं ही प्रथिनंच असतात, आणि ती बनवणाऱ्या पेशींना भराभर विभागावं लागतं. त्या कामाला लागणारा माल चहा-खारीतून येत नाही.

तरीही इथे हात आखडून लिहायला हवं. अमुक खा म्हणजे लस लागेल, असं म्हणण्याइतका पुरावा नाही. जो आहे तो मर्यादित आहे. उत्तर आयर्लंडमध्ये ६५ ते ८५ वयाच्या लोकांना १६ आठवडे रोज पाच वाढप फळं-भाज्या दिल्या, तेव्हा न्यूमोनियाच्या लशीचा प्रतिसाद वाढला, धनुर्वाताच्या लशीचा नाही. वृद्धांना ई जीवनसत्त्व देऊन हिपॅटायटिस बी च्या लशीचा प्रतिसाद सुधारल्याचा १९९७ चा एक अभ्यास आहे. एवढ्यावरून कर्मचाऱ्यांना गोळ्या वाटाव्यात असं मला वाटत नाही. ज्याची कमतरता रक्तात दिसते ते भरून काढणं, ही वेगळी आणि पक्की गोष्ट.

मॅडमनी ताईंचं आयुष्य उलटंपालटं करणारा तक्ता दिला नाही. वडापावाच्या जागी घरून दोन उकडलेली अंडी आणि चपाती, ती गाडीतच खायची. डब्यात मटकीची किंवा चवळीची उसळ रोज, भाजी असो वा नसो. चहा तीनच, साखर अर्धी. खिशात फुटाणे-शेंगदाणे. गुरुवारी साबुदाण्याऐवजी राजगिरा आणि ताक. आणि एक अट, जी ताईंना सगळ्यात अवघड गेली: रविवारच्या बांगड्यातला एक तुकडा स्वतःच्या ताटात घ्यायचा. लोहाच्या गोळ्या आणि ड जीवनसत्त्व फिजिशियन सरांनी लिहून दिलं.

झोपेचा मुद्दा ताईंनीच काढला. ४० ते ६० वयाच्या लोकांवर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांमध्ये नेमकी याच लशीची प्रतिपिंडं कमी दिसली होती. त्यांच्या रात्री पाच तासांच्या होत्या. मेट्रन मॅडमनी तिसऱ्या डोसच्या आधीचा आणि नंतरचा आठवडा त्यांना रात्रपाळी लावली नाही. लहानशी गोष्ट, पण रोस्टर हलवणं किती कठीण असतं ते रुग्णालयात काम करणाऱ्यालाच कळेल.

निष्पत्ती

सहा महिन्यांनी एचबीएसएजी निगेटिव्ह, अँटी-एचबीसी निगेटिव्ह. संसर्ग झाला नव्हता.

आठव्या महिन्यात टायटर: ६८.

वजन ८७ किलो. एचबीएवनसी ६.०. हिमोग्लोबिन ११.४, आणि ताईंच्या मते खरा फरक हाच, कारण आता ठाकुर्लीचा पूल चढताना धाप लागत नाही.

लस यावेळी कशामुळे लागली? आम्ही जागा बदलली, सुई बदलली, कमतरता भरून काढल्या, झोप सांभाळली, पाच किलो वजन उतरलं. सगळं एकाच वेळी, एकाच माणसात. यातून एक धागा वेगळा काढून दाखवता येणार नाही. माझा कौल दंडाला आणि दीड इंची सुईला आहे. आहारतज्ज्ञ मॅडमचा अर्थातच वेगळा आहे. रुग्णालयाच्या बैठकीत कोणी तरी 'वजन उतरवलं आणि लस लागली' अशी गोष्ट पोस्टरवर लावू या म्हणालं, त्याला मी विरोध केला. ती गोष्ट खरी असल्याचं आमच्याकडे काहीही नाही, आणि पुढच्या जाड बाईला माझ्या खोलीपासून लांब ठेवायला ती पुरेशी आहे.

एक प्रश्न उरला: ६८ हा काही फार मोठा आकडा नाही, स्थूल लोकांत प्रतिपिंडं लवकर ओसरतात, मग दरवर्षी टायटर करायचा का? निरोगी कर्मचाऱ्यात एकदा १० च्या पुढे टायटर नोंदला गेला की नंतर तो खाली आला तरी शरीराची स्मृती टिकते आणि पुन्हा तपासणी लागत नाही, असं या लशीबाबत मानलं जातं. फ्लू किंवा कोविडचे निष्कर्ष इथे जसेच्या तसे लावणं बरोबर नाही. वार्षिक टायटर करायचा नाही असं ठरवलं. वर्षाची फ्लूची लस मात्र चुकवायची नाही, यावर मी अडून बसले.

काय वेगळं करता आलं असतं

रुजू होतानाच टायटर. बाकी सगळं यापुढे दुय्यम आहे. त्या तपासणीला पडले असते त्याच्या कित्येक पट पैसे एका इम्युनोग्लोब्युलिनला पडले, आणि सहा महिन्यांची ताईंची झोप वेगळी.

घटनेनंतर आम्ही डायलिसिस युनिटमधल्या सगळ्यांचे टायटर काढले. आणखी दोघं १० च्या खाली निघाले. एक टेक्निशियन, वजन जास्त. दुसरे आमचे वॉर्डबॉय मामा, वय ५४, अंगानं काटक, पण बिडी सोडलेली नाही. मामांना बघून कोणालाही ती शंका आली नसती. वजनकाटा बघून कोणाचा टायटर काढायचा हे ठरवलं असतं तर मामा सुटले असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचं आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचं छायाचित्र छापलं होतं: दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३, पण शरीरातली चरबी एकाची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्या बारीक दिसणाऱ्या माणसांच्या पोटातही चरबी लपलेली असते. म्हणून टायटर सगळ्यांचा.

ताईंच्या तब्येतीचा विचार आहारतज्ज्ञांकडून पहिल्याच आठवड्यात व्हायला हवा होता, पण लशीपासून वेगळा, त्यांचा स्वतःचा म्हणून. मी दोन्हींची गाठ एका वाक्यात मारली आणि तीन आठवडे घालवले.

आता आमच्या लसीकरण कार्डावर तारखेपुढे तीन रकाने वाढले आहेत: जागा, सुईची लांबी, टायटर. दीड इंची सुयांचा खोका लसीकरण खोलीत ठेवला आहे. इम्युनोग्लोब्युलिनची एक मात्रा कायम फ्रिजमध्ये असावी यावर खरेदी विभागाशी अजून बोलणं चालू आहे, कारण ते महाग असतं आणि मुदत संपली तर टाकून द्यावं लागतं. मी पुन्हा फाइल पाठवली आहे.

मामांची दुसरी मालिका चालू आहे, तिसरा डोस पुढच्या महिन्यात. तो द्यायला ताई येणार आहेत. मामा म्हणाले, कमरेत घेतो. ताईंनी त्यांची बाही वर केली आणि म्हणाल्या, "मामा, हात इकडे द्या."